भागीदारीच्या कागदावरची सही

१७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील. इकडे बाबांचे गुडघे कुरकुरतात, पण परवा शेजाऱ्यांचं मशीन त्यांनीच खोलून नीट करून दिलं.

कारखाना पुन्हा विकला गेला, हे तुला कळलंच असेल. हे तिसरे मालक. त्यांना दर्शनी भिंतीवर कंपनीचा इतिहास लावायचाय: पहिलं वॉशिंग मशीन कुणी बनवलं, मालकी कुणाकडून कुणाकडे गेली. सगळ्यात जुनी कर्मचारी म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. आठवडाभर रेकॉर्डच्या खोलीत शिंका देत बसले होते. बाबा आणि भागीदारकाका पत्र्याच्या शेडमध्ये पहिलं मशीन जोडताना, असा फोटो मिळाला. तू ड्रममध्ये बसलायस, नुसतं डोकं बाहेर. खूप हसले.

मग तो कागद मिळाला. बाबांनी आपला हिस्सा काकांच्या नावे केल्याचा. तो नसता तर काकांना कारखाना मोठ्या कंपनीला विकताच आला नसता. बाबा तेव्हा सारखे म्हणायचे की मी सही केलेलीच नाही. अपघातानंतर औषधांच्या गुंगीत केली असेल, असं आपणच त्यांना समजावलं.

कागदावरची तारीख मी आत्ता पहिल्यांदाच पाहिली. तीनदा वाचली. त्या दिवशी बाबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये बोटं सापडली होती. मी त्यांना भरवत होते. सही मात्र ठसठशीत, कुठेही न अडखळलेली.

खाली साक्षीदार तू आहेस. पुढच्याच महिन्यात तुला त्या मोठ्या कंपनीच्या मुख्य कचेरीत नोकरी लागली.

काकांनी तयार कागद पुढे सरकवला असेल, तू न वाचता सही केली असशील. दोन दिवस मी स्वतःला हेच सांगत होते. पण एक गोष्ट मी आजवर कुणापाशी बोलले नाही. त्याच आठवड्यात तू माझ्या भूमितीच्या वहीत, मागच्या पानावर, बाबांची सही गिरवत होतास. वीस-पंचवीस वेळा. मी विचारलं, तर म्हणालास, त्यांचा रजेचा अर्ज द्यायचाय. मालकाला कसला आलाय रजेचा अर्ज, एवढं कळण्याइतकी मी मोठी होते. तरी ते पान मी फाडून टाकलं. आणि पुढे तुझ्याच शब्दावर त्याच कारखान्यात नोकरीला लागले.

काल दुपारी तो कागद बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"पाहिलाय मी," ते म्हणाले. "तेव्हाच, वकिलाकडे. खटला भरला असता तर पोरगा आत गेला असता."

आठवतं? एक दिवस ते बाहेरून आले आणि पुन्हा कधी त्या सहीचा विषय काढला नाही. आपल्याला वाटलं, पटलं त्यांना.

भिंतीवर काय लिहू, मी विचारलं.

"पहिलं मशीन दोघांनी बनवलं, एवढं लिही. पुढचं त्याला येऊन सांगू दे."

मालकीची ओळ मी कोरी ठेवलीय. महिनाअखेरपर्यंत थांबा, असं छपाईवाल्याला सांगितलंय. फोन करू नकोस. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि तुझं बोलणं या वेळी मी त्यांच्यापर्यंत पोचवणार नाही. समोर येऊन बस.

इतकी वर्षं गप्प राहिलेली,
तुझी धाकटी बहीण