सर्जाच्या आवडीचा उंबर

आईच्या पायावर उत्तरेश्वरचं डोकं.

मी पुण्यात बरा हाय. एका सहकारी सोसायटीत माळीकाम लागलंय. लई शांत, हिरवी कॉलनी हाय. रविवारी लोक झाडं बघायला येतात अन् त्यांना हिंडवतो मीच. झाडांची नावं त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठावी. मी सांगतो, ह्याचा पाला शेळी खाती, ह्याला गाय तोंड लावत न्हाई. ते वहीत लिहून घेतात.

काल उंबरापाशी बोलून गेलो, "आमच्या सर्जाला हा लई आवडतो." एका बाईनं विचारलं, "भाऊ का?" बैल म्हणायला जीभ रेटंना. हो म्हणलो.

चारा छावणीत पाण्याचा टँकर येतो का? तुझी कंबर कशी हाय? तुझ्या पत्रात सगळ्यांची खुशाली आली, सर्जाची तेवढी न्हाई. कावून?

तुझा उत्तरेश्वर