बॅटरी नको म्हणालो होतो

१२ मार्च, दुपारी १:२०. छतावर पॅनेल आठ, घरात वीज शून्य.

सूनबाई,

तुझा फोन लागत नाही. पाऊण तासापूर्वी वीज गेली, तशी लख्ख उन्हात पॅनेलंही बंद पडली आणि तुझ्या सासूबाईंचं ऑक्सिजनचं यंत्र थांबलं. बॅटरी नसली की बाहेरची वीज जाताच पॅनेलंही आपोआप थांबतात, हे तंत्रनिकेतनात शिकलेल्या मला ठाऊक होतं. "बाबा, आईंच्या मशीनचं काय?" असं तू विचारलंस, तेव्हा "सूर्य काय संपावर जातो?" म्हणून मी हसण्यावारी नेलं. बॅटरीचा खर्च अकरा वर्षांतही वसूल होत नव्हता, एवढंच मी पाहिलं.

राखीव सिलिंडर संपत आला आहे. शेजाऱ्यांच्या गाडीतून तिला इस्पितळात नेतो आहे. मीच लावून ठेवलेल्या कपाटात तिच्या तपासण्यांची निळी फाइल मला सापडेना; ती शोधून ताबडतोब इस्पितळात घेऊन ये.

निघताना तिच्या रक्तातला प्राणवायू: ८४ टक्के.