मॅनेजरचं वजन

४ फेब्रुवारी, मंगळवार
आजपासून रोजनिशी. घरात कुणाचं तरी डोकं ठिकाणावर असायला हवं. बायको रडतेय, म्हणजे जबाबदारी माझ्यावर आली.

मॅनेजरला डॉक्टरबाईंकडे नेलं. मॅनेजर म्हणजे आमची मांजर. लेक शाळेत असताना तिला दप्तरातून घेऊन आली होती. पुढे लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, मांजर आमच्याकडे राहिली. माझं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान. तिथल्या मोठ्या काट्यावर ही दिवसभर बसते आणि गिऱ्हाइकांकडे असं बघते की माणसं आपोआप रांग लावतात. म्हणून मॅनेजर. रोज सकाळी काट्यावर तिचा टॉवेल टाकायचा, बटण दाबून काटा शून्यावर आणायचा, मग बाई विराजमान. त्याआधी दुकान उघडलं असं मी मानत नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, किडन्या गेल्यात, वयही झालंय, आता ही बरी होणार नाही. सुखात ठेवा. दर मंगळवारी वजन करा. आज तीन किलो चारशे भरलं. तीनच्या खाली गेलं की मला फोन करा, मी येईन. त्यापुढे तिला ओढत ठेवलं तर फक्त तिचे हाल होतील.

बायकोने मान डोलावली. मीही डोलावली, पण मनातून नाही. वजन हा माझा विषय आहे. त्यात मला कुणी शिकवू नये.

निश्चय: महिन्याभरात चार किलो.

५ फेब्रुवारी, बुधवार
पथ्याचं खाणं आणलं. मॅनेजरने वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी चाखून दाखवलं. वाईट नाही. थोडं मीठ हवं.

गोळी माशाच्या तुकड्यात लपवली. मासा खाल्ला. गोळी संध्याकाळी माझ्या चपलेत सापडली. बुद्धी शाबूत आहे. किडनीचा आजार असता तर इतकं डोकं चाललं असतं का? बायको म्हणाली, डोकं आणि किडनी वेगळ्या जागी असतात. तिला विज्ञान समजावून सांगण्यात अर्थ नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
तीन किलो दोनशे.

हे अपेक्षितच होतं. आज तिने सकाळी अंग चाटून काढलं होतं. चाटल्याने केस जातात. केसांनाही वजन असतं, हे लोक विसरतात.

लेकीचा फोन. वजन किती म्हणून विचारलं. सांगितलं, तीनच्या वर आहे, ठणठणीत वर आहे. ती म्हणाली, मग सुट्टी आत्ता टाकू की पुढच्या महिन्याच्या शेवटी? मी म्हणालो, आरामात ये, मॅनेजर कुठे पळून जातेय. बायकोने मागून माझा सदरा ओढला. उसवला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
दोन किलो नऊशे.

काटा बिघडलाय.

याचं मला आश्चर्य वाटत नाही. दुसऱ्यांचे काटे दुरुस्त करताना स्वतःच्या काट्याकडे दुर्लक्ष होतंच. बायको म्हणाली, डॉक्टरबाईंना फोन लाव. मी म्हणालो, बिघडलेल्या काट्यावर विसंबून डॉक्टरांना बोलावणं हा माझ्या धंद्याचा अपमान आहे.

दुपारी कॅलिब्रेशन करायला, म्हणजे काट्याचं माप जुळवायला बसलो. खरं तर त्यासाठी कपाटातली पितळी प्रमाण वजनं काढावी लागतात. पण ती खालच्या खणात, खण घट्ट बसलेला, आणि माझी कंबर. शिवाय विचार केला: प्रमाण वजन म्हणजे काय? जे बदलत नाही ते. इतकी वर्षं या काट्यावर रोज तीच बसली आहे. मागच्या मंगळवारी तीन दोनशे होती. मासा खाते, शिंकते, मला बोचकारते. बदललं काय? काही नाही. मग ती आजही तीन दोनशेच.

मॅनेजरला काट्यावर बसवलं, झाकण उघडून आतलं बटण दाबलं आणि यंत्राला सांगितलं, हे तीन किलो दोनशे आहेत, लक्षात ठेव. यंत्राने ऐकलं. चांगलं यंत्र आहे.

तीन किलो दोनशे. मन हलकं झालं. तिला दोन तुकडे जास्त दिले. एक खाल्ला.

२० फेब्रुवारी, गुरुवार
सहज म्हणून मी काट्यावर उभा राहिलो. साडेएक्क्याऐंशी किलो. डोळेच पांढरे झाले. गेल्या महिन्यात चौऱ्याहत्तर होतो.

कारण उघड आहे. मांजरीच्या ताटातलं उरलंसुरलं टाकवत नाही. आणि बायको दुःखात असली की स्वयंपाकात तेल जास्त पडतं. तिला तसं सांगितलं. तिने पोळी माझ्यासमोरून उचलून नेली.

निश्चय: साखर बंद. भात बंद. रोज पहाटे फिरायला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
पहाटे फिरायला गेलो. थंडी होती. परत आलो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
मॅनेजर तीन किलोच्या जेमतेम वर. काटा पुन्हा सरकलाय. यंत्रं जुनी झाली की अशीच वागतात, त्यांना धाक दाखवावा लागतो. तिला बसवून पुन्हा तीन दोनशे शिकवलं.

ती हल्ली काट्यावर उडी मारत नाही. मी उचलून ठेवतो. पदाला शोभतं. मॅनेजरने स्वतः उड्या का माराव्यात?

मी पंचाऐंशी. साखर सोडून, भात सोडून, रोज फिरून पंचाऐंशी. म्हणजे शरीर विरोध करतंय. पण पॅंट सैल होतेय. शिंप्याला जाऊन झापलं की कापड ताणतंय. तो म्हणाला, काका, कापड ताणलेलं नाही, तुम्ही वाळलाय. आजकाल कुणाला आपल्या धंद्यातलं काही कळत नाही.

१ मार्च, शनिवार
शेजारचा बेकरीवाला दर शनिवारी माझ्याकडे फुकट वजन करतो. गेल्या शनिवारी आला नव्हता, आज केलं आणि काट्यावरच खाली बसला. एकशे अठरा. शंभराच्या इतकं वर माणूस जातो हेच त्याला माहीत नव्हतं. मी त्याला धीर दिला, म्हणालो, माझंही वाढलंय, हवाच तशी आहे.

मग त्याने पिठाचं पोतं आणून ठेवलं. पन्नास किलोचं पोतं चोपन्न भरलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, इतकी वर्षं त्या पीठवाल्याला चोर समजत होतो. लगेच फोन करून त्याची माफी मागितली. पीठवाल्याने दोनदा विचारलं म्हणे, नक्की मलाच फोन केलाय ना?

उद्यापासून आम्ही दोघं बरोबर फिरणार. मॅनेजरच्या आजारपणातून एका देवमाणसाचं नाव उजळलं आणि दोन माणसांना व्यायामाची गोडी लागली. देवाची करणी.

४ मार्च, मंगळवार
मॅनेजर काट्यावर बसली नाही, आडवी झाली. तीन किलो, वर काही नाही.

आता मला राग आला. आठवडाभर मी तिला बोटाने भरवतोय. चमच्याने पाणी पाजतोय. इतक्या सेवेनंतर वजन वाढायलाच हवं, निदान शंभर ग्रॅम. तिचा तेवढा हक्क आहे. काट्याला तीन तीनशे शिकवलं.

लेकीला कळवलं: वजन वाढतंय. ती फोनवर इतकी हसली, इतकी हसली. म्हणाली, बाबा, तुम्ही जादूगार आहात. मी नम्रपणे हो म्हणालो.

मी नव्वद. पॅंटला आता सुतळी बांधतो. बेकरीवाल्याने लोणी सोडलं. स्वतःचा मालही चाखत नाही, त्यामुळे आज सगळ्या पावात मीठ दोनदा पडलं. गिऱ्हाइकं भांडत होती. तो शांत होता. म्हणाला, चालेल, पण प्रकृती महत्त्वाची.

७ मार्च, शुक्रवार
आज मॅनेजर सकाळपासून कपाटाखाली होती. बाहेर येत नव्हती. मी म्हणालो, विश्रांती घेतेय.

दुपारी बायको दुकानात आली. ती कधी येत नाही. चपला काढून काट्यावर उभी राहिली. काटा चौऱ्याहत्तरला जाऊन थांबला. मी लगेच दुसरीकडे बघायला लागलो, संसाराचा तेवढा अनुभव आहे.

ती म्हणाली, लग्नात घातलेली चोळी मला आजही होते. मग खाली उतरली, कपाटाचा खालचा खण एका हिसक्यात उघडला (घट्ट वगैरे काही नव्हता), पितळी वजनांची पेटी काढली आणि पाच किलोचं वजन काट्यावर ठेवलं.

सहा किलो साडेतीनशे.

हाताची घडी घालून उभी राहिली. मी म्हणालो, पितळही कधी कधी फुगतं. तिने भुवई उचलली. मी म्हणालो, दमट हवेत. तिने वाकून कपाटाखालून मॅनेजरला काढलं आणि माझ्या हातात दिलं. फक्त इतकं म्हणाली, काटा राहू दे, तू हातात धरून सांग. आयुष्यभर वजनं उचलली आहेस.

मला हातात धरल्यावर कळतं. मला नेहमीच कळतं. गिऱ्हाइकाची पिशवी मी नुसती धरून सांगतो, पन्नास ग्रॅमचा फरक पडत नाही. गेले कित्येक दिवस मी तिला रोज उचलून काट्यावर ठेवत होतो.

अडीच. अडीचही नसेल.

झाकण उघडलं. पाच किलोचं वजन ठेवून काट्याला पाच किलो म्हणजे काय ते पुन्हा शिकवलं. वजन बायकोने धरलं. मग डॉक्टरबाईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, आमची लेक यायची आहे. त्या म्हणाल्या, रविवारपर्यंत तिला दुखणार नाही असं औषध देते, त्यापुढे नको.

लेकीला फोन मीच केला. बायको म्हणाली, मी करते. पण हसवलं मी होतं.

९ मार्च, रविवार
दुकान बंद. पण शटर उघडलं, कारण काट्यावर सकाळी ऊन येतं.

लेक पहाटेच आली होती. मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो. तिने माझ्या पॅंटची सुतळी बघितली आणि एवढ्या सगळ्यात फिस्सकन हसली. मग बायको हसली. मग मीही. डॉक्टरबाई आल्या तेव्हा आम्ही तिघंही डोळे पुसत होतो. त्यांना वाटलं रडतोय. तेही होतंच.

टॉवेल टाकला. बटण दाबून शून्य केलं. मॅनेजरला ठेवलं. तिने एकदा मान उचलून दाराकडे बघितलं, रांग नाही म्हणून बहुधा नाराज झाली. लेकीने तिला कानामागे खाजवलं, बायकोने पंजा धरला. मी काय धरणार? पाठीवर हात ठेवला. सांगायचं बरंच ठरवलं होतं. प्रत्यक्षात म्हणालो, सुट्टी मंजूर. फार मूर्खासारखं वाटलं. पण तिने कान हलवला.

हाताखाली घरघर चालू होती, मग नव्हती. आकडा हलला नाही. मी त्याच्याकडेच बघत होतो. मला वाटलं होतं, काहीतरी कमी होईल.

१२ मार्च, बुधवार
दुकान उघडलं. लेक अजून आहे, आईला मदत करते, मला भात खायला लावते.

माझं वजन सत्तर. खरंच उतरलंय. सदरा, पॅंट, सगळं लोंबतंय. शिंप्याची माफी मागायची आहे, उद्या बघू.

बेकरीवाला शनिवारपर्यंत थांबला नाही, आज आला. एकशे एक भरला. इतका आनंद झाला की त्याने मला मिठी मारली. फिरण्याचा गुण म्हणाला. मी म्हणालो, हो, फिरण्याचाच. त्याने त्या खुशीत लोण्याचे चार पाव आणले, दोन स्वतः तिथेच खाल्ले. पीठवाल्याबद्दल त्याला उद्या सांगेन. एका दिवसात किती जणांना खरं सांगायचं?

मग तो निघताना म्हणाला, काट्यावर टॉवेल तसाच आहे, घाण दिसतो, केस आहेत. त्याने मायेनेच उचलून माझ्या हातात दिला.

काटा उणे दाखवायला लागला. उणे दीडशे ग्रॅम. टॉवेलसकट शून्य केला होता, त्यामुळे टॉवेल काढला की असं होतं. बिघाड नाही. साधं बटण आहे, दाबलं की शून्य.

दुपारी एक गिऱ्हाईक काटा घेऊन आलं. म्हणालं, तुमचाच काटा चुकतोय की, रिकामा असून उणे दाखवतो. मी म्हणालो, नाही, हा एकदम बरोबर आहे.