सान्वीचा डावा हात

३ जानेवारी
मिळाली! कळव्याची पोरगी, सान्वी. डावरी. आज ठाकुर्लीच्या मैदानावर बेसबॉलच्या चाचणीला आली. पहिलाच बॉल जागृतीच्या ग्लोव्हात असा आदळला की ती किंचाळली. दुसरा थेट मास्कवर. जागृती माझी जुनी कॅचर, बॉल झेलणारी, सहसा कुरकुरत नाही. आज म्हणाली, "मॅडम, ही बॉल टाकत नाय, मारते!"
महिनाअखेर राज्याच्या संघाची निवड आहे. डावरी पिचर, म्हणजे डाव्या हाताने बॉल टाकणारी, कुणाकडेच नाही. कोच म्हणून माझ्या शेऱ्यावर पोरगी थेट आत जाईल.

५ जानेवारी
वेग आहे, नेम बेभरवशाचा. मूड चांगला असला की बॉल अगदीच मिळमिळीत. चिडली की आग! डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, उलथन्याच्या पात्याएवढा. विचारलं तर म्हणाली, "डाव्या हातानं प्रसाद घेतलेला. पप्पांनी दिला चटका."
त्या माणसाचा असा संताप आला! आणि लगेच, खरं सांगते, एक कल्पनाही सुचली.

९ जानेवारी
बापाला बोलावलं. तानाजी. टेम्पो चालवतो, आवाज मैदानभर. कॅचरच्या मागे, जाळीपलीकडे खुर्ची टाकून बसवलं. "डाव्या हाताची सवय मोडायची सोडून तुम्ही हिला डोक्यावर काय घेताय मॅडम?" सान्वीने ऐकलं. मग काय टाकलं पोरीने! एकेक बॉल त्याच्या तोंडाच्या रोखाने. एक तर जागृतीला चुकवून जाळीत घुसला, बरोबर त्याच्या नाकासमोर. तानाजी खुर्चीसकट मागे उलटला. पोरी खदाखदा हसल्या. मीही हसले.
घरी येऊन शेरा लिहून टाकला — उत्कृष्ट.

१० जानेवारी
सान्वी आली नाही. फोन बंद.

१२ जानेवारी
जागृती कळव्याला जाऊन आली. त्या दिवशी घरी पोचायच्या आधीच, गल्लीच्या तोंडाशी, तानाजीने सान्वीचा डावा हात टेम्पोच्या दारात धरला आणि दार आपटलं. परत उघडून परत आपटलं. बोटं, मनगट — चुरा! आई सगळ्यांना सांगतेय, जिन्यावरून पडली.
मी कप भिंतीवर फोडला. ती खुर्ची मी ठेवली होती. मी!
पोलिसांत जाते म्हटलं तर सान्वीचा निरोप — "नको. मला फक्त ग्राउंडवर येऊ द्या."

२० जानेवारी
आली. प्लास्टर कोपरापर्यंत. पोरी जोड्या करून बॉल फेकत होत्या, ही माझ्याजवळ बॉलच्या बादलीशी बसली.
मागोमाग तानाजी. "आता बघा, जेवते उजव्या हातानं, लिहिते उजव्या हातानं. लागली की नाय वळणाला?" आणि तिचे केस धरून ओढायला लागला. मी मध्ये पडले. त्याने छातीवर धक्का दिला, मी आडवी. तोंडात माती. "टेम्पो आत आणतो, मग बघतो दोघींना," म्हणत तो फाटकाकडे वळला.
बॉल त्याच्या कानशिलावर बसला. नारळ फुटल्यासारखा आवाज. तो पडला तो उठलाच नाही. हॉस्पिटलमध्ये नेलाय.

२१ जानेवारी
तानाजी गेला.
पोलिसांनी विचारलं, ती पोरगी कुठे होती? डावरी आहे साहेब, हात प्लास्टरात — सगळ्या पोरींनी हेच सांगितलं. मीही. सरावाचा बॉल भरकटला, असं ठरलं.
मी खाली पडल्या पडल्या पाहिलं होतं. तिने उजव्या हाताने टाकला. नेम जराही चुकला नाही.