खालच्या कोपऱ्यातली गोल भेग

१७ मार्च, सोमवार
खालच्या कोपऱ्यातली कपाशीची पऱ्हाटी उपटायची राहिली होती, आज उरकली. एकटीनेच. मजूर बाई येते सांगून आली नाही, भाचीचा साखरपुडा म्हणे. मागच्या महिन्यातही त्याच भाचीचा साखरपुडा होता. गुडघे बोलायला लागले आहेत.
अक्का नेहमीसारखी निंबाखाली, जमिनीतल्या तिच्या भेगेशी बसून. म्हटलं, "अक्का, बसल्या बसल्या काड्या तं गोळा करा." म्हणे, "मी काय रिकामी बसून राह्यली काय?" मोठ्या जावेशी वाद कोण घालणार. बेचाळीस वर्षं घातला, एकदाही जिंकले नाही.
बाकी शेतात पऱ्हाटी कमरेएवढी, या एका कोपऱ्यात दरवर्षी डोक्याच्या वर. एक झाड तर काही केल्या निघेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा मातीच्या गोळ्यासकट आलं. गोळ्यात मुळं, आणि मुळांनी आवळून धरलेली सायकलची घंटी.
ओच्यात टाकली. अक्काला दाखवली नाही. का ते सांगता येत नाही.

१८ मार्च
सकाळी नळाखाली बसून घंटी चिंचेनं घासली. टोपी पितळेची. वर कमळ निघालं.
अशी घंटी गावात एकच होती. भासऱ्यांची, म्हणजे अक्काच्या नवऱ्याची. यात्रेतून आणली, नव्या सायकलला लावली आणि कारण नसताना वाजवत फिरायचे. माझे सासरे वैतागायचे. त्याच सायकलवर ते गेले, कोणाला न सांगता. मी तेव्हा माहेरी, विजयच्या बाळंतपणाला. परत आले तर घरात ठरलेलं होतं: अकोल्याचं स्टेशन, तिथून सुरत. सायकलही सापडली नाही, म्हणून लांब गेले असं सगळे म्हणाले.
आणि घंटी आमच्याच वावरात.
अंगठ्यानं सहज दांडी दाबली. आतली स्प्रिंग गंजून माती झालेली, वाजायला नको होती. वाजली. अगदी लख्ख.
घरातून अक्काचा आवाज आला, "आले वाटते."
तिच्या कानाशी जाऊन ओरडलं तरी तिला निम्मं ऐकू येत नाही. ती पदर डोक्यावर घेऊन बाहेर आली. हातात पाण्याचा गडवा. फाटकाकडे बघत उभी राहिली. मी घंटी पदराखाली घेतली. म्हटलं, "कोनी नाही अक्का." म्हणाली, "हो काय?" पाणी तुळशीला घातलं आणि आत गेली.


२२ मार्च
घंटी तुरीच्या डाळीच्या डब्यात, तळाशी. वर डाळ.
अक्का रोज आंघोळ करून रुपयाएवढं कुंकू लावते. आरसा लागत नाही तिला. मागे एका चुलतसासूनं सुचवलं की आता इतकी वर्षं झाली, पुसलं तर चालेल. अक्कानं तिला जेवत्या ताटावरून उठवलं होतं. त्या कुंकवावर ती जगली आहे, दुसरं काय होतं तिच्यापाशी? मूल नाही, माहेर नाही.
सायकल गेली नाही तर माणूसही गेलं नाही. एवढं मलाही कळतं. सांगितलं तर माझ्या हातानं तिचं कुंकू पुसल्यासारखं होईल. नाही सांगितलं तर ती फाटकाकडे बघत मरेल.
आणखी एक आहे, ते लिहवत नाही. माझे हे त्या दिवशी घरीच होते.

३० मार्च, पाडवा
गुढी अक्कानं उभारली, मी फक्त पाट धरला. विजयचा फोन. पुण्याला राहून त्याची भाषा पार धुऊन निघाली आहे, "अगं आई, ऐक ना" म्हणतो. शेततळं मंजूर झालं. जागा खालचा कोपरा, कारण उतार सगळा तिकडे. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की जेसीबी येणार.
माझ्या तोंडून निघून गेलं, "तिथं खाली खडक आहे. तुझे बाबा सांगायचे."
"बाबांनी कधी खोदून पाहिलं होतं का?"
नव्हतं पाहिलं. नांगर त्या कोपऱ्यात आला की हे उचलून धरायचे. ट्रॅक्टर आला तेव्हा ट्रॅक्टरवाल्याच्या पुढे आडवे उभे राहिले. खडक आहे, फाळ तुटेल. मी कधी विचारलं नाही. नवरा खडक म्हणतो तर खडक असेल.


५ एप्रिल
ऊन मी म्हणतं आहे. काळी माती सगळीकडे फाटली. वावरात पाय टाकायचा तर खाली बघून टाकावा लागतो. बाकी भेगा वाकड्यातिकड्या, दरवर्षी जागा बदलणाऱ्या. अक्काची भेग मात्र तिथंच असते, आणि वाकते. लग्न होऊन आल्यावर काही वर्षांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा विळ्याएवढी होती. मागच्या वर्षी अर्धी गोल. आज चालत तिच्या कडेकडेनं गेले तर जिथून निघाले तिथंच परत आले. तेवीस पावलं.
आमची कपिला गाय त्या गोलात तोंड घालत नाही. आत हिरवी हरळी आहे, एप्रिलमध्ये, तरी नाही.
अक्का एकेक ढेकूळ भेगेत सोडते, मान वाकडी करून ऐकते आणि बोटं मोडून मोजते. विचारलं, "काय ऐकता अक्का?"
"पडल्याचा आवाज."
"मंग?"
"यंदा लय जवय आलं वं."
मी हात धरून तिला उठवलं. तिचा हात गार होता, एवढ्या उन्हात.

१० एप्रिल
अकोटहून जेसीबीवाला गजू जागा बघायला आला. तोंडात तंबाखूचा खर्रा, पण माणूस सरळ. लोखंडी सबल, म्हणजे पहार, घेऊन गोलात तीन ठिकाणी मारली. चाकू लोण्यात जावा तशी गेली, मुठीपर्यंत.
"खडक कोनं सांगतला काकू? ही तं भरावाची माती आहे. इथं काही बुजवेल आहे काय?"
मी म्हटलं, मले नाही माहीत बापा.
तो गेला आणि मी शेताच्या धुऱ्यावर बसून राहिले. मग आठवलं. 

११ एप्रिल
लिहून ठेवते, म्हणजे नंतर स्वतःशी खोटं बोलता येणार नाही.
मी लग्न होऊन आले तेव्हा त्या कोपऱ्यात कच्ची विहीर होती. बांधलेली नव्हती, नुसती मातीची. तिच्यावर मी धुणं धुतलं आहे. सातव्या महिन्यात माहेरी गेले. पाऊस लागल्यावर विजयला घेऊन परत आले तर दोन बदल झाले होते. भासरे घरात नव्हते, आणि विहीर नव्हती. सासरे म्हणाले, पाणी मचूळ झालं म्हणून बुजवली. हे काही बोलले नाहीत.
दोन्ही गोष्टी मला एकाच दिवशी कळल्या. मी त्या कधी शेजारी शेजारी ठेवल्या नाहीत. मांडीवर मूल होतं, रात्रंदिवस रडायचं. ही काही सबब नाही.
दोघा भावांचं त्या उन्हाळ्यात पटत नव्हतं, हे मात्र माहेरी जाण्याआधीच दिसत होतं. ढकललं? पाय घसरला? स्वतःच उडी घेतली आणि घराची अब्रू म्हणून झाकलं? सासरे गेले, हे गेले. फोटोला हार घालते रोज. आज घातला नाही.

१५ एप्रिल
डाळीच्या डब्यात घंटी नाही.
सगळी डाळ परातीत ओतली. नाही. घरात आम्ही दोघीच.
दुपारी दोनला, चिटपाखरू नसताना, शेताकडून घंटी ऐकली. दोनदा. रस्त्यानं कोणी सायकलवर गेलं असेल असं मनाला सांगितलं, पण सायकल आता कोण चालवतं? शाळेतली मुलंसुद्धा मोटारसायकलवर. चप्पल न घालता धावले.
अक्का गोलाच्या काठावर पालथी झोपलेली, उजवा हात खांद्यापर्यंत भेगेत. मला वाटलं गेली. हलवली तर डोळे उघडे. हात बाहेर काढला, रिकामा, कोपरापर्यंत ओली माती.
सहा महिने पाऊस नाही. ओली कशी?
घंटीचं मी विचारलं नाही, तीही बोलली नाही. घरी आणून तिचा हात धुतला. पाणी काळं निघत होतं, किती तांबे ओतले तरी.

२४ एप्रिल
विजयला फोन केला. शेततळं वरच्या अंगाला घ्या म्हटलं.
"कागदावर तीच जागा आहे, आई. का पण?"
"खडक आहे रे."
"गजूभाऊ तर म्हणतो, लोणी आहे."
यांनी जन्मभर जे सांगितलं तेच मी पोटच्या मुलाला सांगितलं, त्याच आवाजात. फोन ठेवल्यावर तोंड धुतलं. यांचा इतका राग आला की फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग तासाभरानं सरळ केला. संसार केला होता या माणसाबरोबर, चांगला केला होता. पोरं आजारी पडली की रात्र रात्र बसायचे. तेच हात आणि तेच फावडं?

२८ एप्रिल
कुंभारीण घागरी घेऊन आली. आखाजीला घरातल्या गेलेल्यांच्या नावानं पाणी भरतो, माणशी एक. आमच्याकडे तीन असतात: सासरे, सासू, आणि सहा वर्षांपासून हे. भासऱ्यांची कधीच नाही. जिवंत माणसाची घागर भरत नाहीत.
तिनं चार उतरवल्या. म्हटलं, माय, एक वापस ने, आमच्या तीन.
"मोठ्या बाईनंच चार सांगतल्या. सोता आल्या व्हत्या घरी."
अक्का कुंभारवाड्यापर्यंत चालत गेली होती. मला पत्ता नाही.

३० एप्रिल, आखाजी
चिंचवणी, कुरडया, पुरण, सगळं केलं. गव्हाच्या राशीवर घागरी मांडल्या. अक्कानं तिन्ही भरल्या, प्रत्येकीला सुताचा वेढा, वर डांगर, पिकलेलं खरबूज. चौथी मांडीवर घेऊन बसली. कोरडी.
तिच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग, "तुले माहीत व्हतं ना?"
"काय अक्का?"
"लेकरू घेऊन आली तू, तवा विहीर बुजेल व्हती. तू एका सबदानं इचारलं नाही. मी मनलं, हिले माहीत आहे. नवऱ्यानं सांगतलं असन. बेचायीस वर्ष तुया तोंडाकडे पाह्यलं वं, आज सांगन, उद्या सांगन."
मी तिचे पाय धरले. विजयची शपथ घातली. मला माहीत नव्हतं अक्का, घंटी निघेपर्यंत माहीत नव्हतं. रडले, ओरडले. ती नुसती बघत होती. विश्वास बसला की नाही, कळलं नाही.
म्हटलं, "तुमाले माहीत व्हतं तं तुमी काहून नाही बोलल्या?"
"मले कुठं माहीत? मले इतकंच माहीत का घंटी वाजवल्याबिगर ते फाटकातून कधी भाईर गेले नाही. त्या दिवशी घंटी वाजली नाही."
आणि रोज कुंकू? तेही विचारलं. म्हणाली, "कोनी पाह्यलं नाही, कोनी सांगतलं नाही. मी कोनाच्या भरोशावर पुसू?"
मग घागर माझ्यापुढे केली. "तुया नवऱ्यानं बुजवली. तूच सांग. भरू काय?"
पाण्याचा हंडा माझ्याच हाताशी होता. मी उचलला नाही. तिनं घागर तशीच राशीच्या टोकाला ठेवली. जेवलो दोघी. पुरण चांगलं झालं म्हणाली.

२ मे, शुक्रवार
सकाळी साडेआठला जेसीबी आला. ही वही बरोबर आणली आहे, निंबाखाली बसून लिहिते आहे. हाताला काहीतरी हवं.
अक्का माझ्या आधी आली. आंघोळ केलेली, ठेवणीतलं हिरवं लुगडं, कपाळावर कुंकू. गोलाच्या काठावर पोतं टाकून बसली आहे, मशीनकडे पाठ, तोंड माझ्याकडे.
विजयचा फोन येऊन गेला. म्हणे, खड्ड्यातून माती कशी निघते ते फोटो काढून पाठव.
गजूनं मशीन सुरू केलं. गोलाच्या आतली माती मशीनचे दात टेकण्याआधीच किंचित खाली बसली, कोणी श्वास सोडावा तशी. त्यानंही पाहिलं. खाली उतरून माझ्याकडे आला.
"काकू, करू काय सुरू? का राहू देऊ?"
त्याच्या मागून अक्का बघते आहे.
म्हटलं, पाच मिनिटं थांब बापा. तो चहा पिऊन आला, खर्रा घोटून झाला. पाच मिनिटं केव्हाच झाली.