ब्रेक उशिरा लागतो

दादा,

मक्याच्या पिठाची उगाली पातेल्यात झाकून ठेवलीय, सुकुमाची भाजी गरम करून घे. गेमच्या दुकानाची किल्ली दाराच्या चौकटीवर आहे.

दुकानातला टीव्ही मी परत १०८०वर आणलाय, आता त्याला हात लावू नकोस. फोर-केवर चित्र देखणं दिसतं, पण आपल्या जुन्या कन्सोलला ते झेपत नाही. ब्रेक दाबला तरी गाडी उशिरा ऐकते. शंभरदा सांगितलंय तुला. तरी काल ऐन शर्यतीच्या तोंडावर तू गुपचूप सेटिंग बदललंस. का, तर मुंबुआ येणार, तिला चित्र झकास दिसलं पाहिजे! तिला मी बोलावलं होतं, दादा. माझी शर्यत बघायला.

शेवटच्या वळणावर मी भिंतीत घुसलो आणि तू अख्ख्या गल्लीसमोर ओरडलास, "ऊठ रे क्यालो, म्हातारा झालास!" ती हसली. तुझ्याकडे बघून हसली.

दुकानातला नियम तुझाच आहे, हरला त्याने खुर्ची सोडायची. आईला सांग, मी नैरोबीला मामाकडे राहायला गेलोय.

खुर्ची रिकामी आहे. बसव मुंबुआला.

क्यालो