ओठात शिरलेला खिळा

॥ श्री ॥
कोंडाणे, २६ जुलै २०२५

चि. सौ. हर्षला हिस, सोनाताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

मोरूच्या दुधाच्या टेंपोतून शेंगदाणे, साबुदाणा, गूळ, वाती आणि उदबत्ती सगळं पोचलं. तू चारशे दहा लिहिलेस, उदबत्तीचे दहा लावलेच नाहीस. चारशे वीस मोरूजवळ दिले आहेत.

इकडे हे गोठ्याचे पत्रे बसवायला शिडीवर चढले होते. पंचमीला ठोकाठोकी चालत नाही म्हणून घाई. नवे खिळे कशाला आणायचे, म्हणून शेणात पडलेले जुने मी वेचून, सरळ करून दिले. ह्यांची सवय तुला ठाऊक, खिळे ओठांत धरायचे. पाय सटकला, तोंड शिडीवर आपटलं आणि एक खिळा खालच्या ओठात पार दातापर्यंत शिरला. काढला तर रक्त थेंबभर. भोक जेमतेम तिळाएवढं. मी हळद दाबून भरली. डोळा वाचला म्हणून गणपतीला नारळ बोलले आहे.

घरच्या सर्वांवर माया असू दे.
तुझी, सोनाताई


भिसेगाव, २८ जुलै

ती. सोनाताईस सा. न. वि. वि.

पैसे मिळाले. उदबत्तीचे दहा पाहून आम्ही दोघं हसलो. तुझ्या हिशेबापुढे देवानेही हात जोडावेत.

पण खिळ्याचं वाचलं आणि हसू गेलं. ताई, रक्त आलं नाही हे बरं नव्हे. वाहत्या रक्ताबरोबर घाण निघते. बारीक भोक वरून लवकर मिटतं, शेणाची घाण आतच राहते. हळद चोंदू नकोस. साबणाच्या पाण्याने धू, जेवण झालं की मिठाच्या पाण्याच्या चुळा भरायला लाव. आणि दाजींना लगेच धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला घेऊन ये. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहिते.

तुझी, हर्षला


कोंडाणे, ४ ऑगस्ट, सोमवार

चि. सौ. हर्षला हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, तिळाएवढ्या भोकाला टोचून घ्यायला मी काय पोर हाय? भिसेगावला गेल्यापासून हर्षला डॉक्टरीण झाली हाय. आणि खरंच, खपली गळून ओठ साफ झाला.

आता आनंदाची गोष्ट लिहिते. जन्मात उपास न केलेल्या ह्या माणसानं परवापासून मौन धरलं आहे. काही विचारलं तर दात न उघडता नुसतं हूं करतात. भाकरी सोडली, पेज तेवढी घेतात, तीही अर्धी ओघळते. व्रत बोलून दाखवायचं नसतं, म्हणून मी खोदून विचारलं नाही. मान आखडली आहे, तिला तेल चोळते. आज पूजेला घंटा वाजवली, तर सगळं अंग ताठ झालं, पाठ कमानीसारखी वाकली, घामानं अंथरूण भिजलं. भावसमाधी लागते म्हणतात ती हीच असावी. आणि चेहऱ्यावर हसू आहे गं. सकाळपासून मावळलं नाही. डोळा लागला तरी हसतातच.

मौनाच्या उद्यापनाला काय काय लागतं ते सासूबाईंना विचारून उलट टेंपोनं कळव.

सोनाताई


भिसेगाव, ५ ऑगस्ट

ताई,

मोरूला थांबवून उभ्यानं लिहिते आहे. फोन किती वेळा लावला, तुमच्याकडे रेंज नाही.

ते मौन नाही. धनुर्वातानं दाजींचा जबडा बसला आहे. ते हसत नाहीत, त्यांचे ओठ ओढले गेले आहेत. दाजी शुद्धीत आहेत, त्यांना सगळं कळतं आहे आणि फार दुखतं आहे, फक्त सांगता येत नाही.

घंटा वाजवू नकोस. तेल चोळू नकोस, दार आपटू देऊ नकोस. तोंडात पेज काय, पाणीसुद्धा घालू नकोस, श्वासात जाईल. रुग्णवाहिकेला कळवलं आहे, पण तिची वाट बघत बसू नकोस. मोरूनं कॅन इथेच उतरवले आहेत, मागे गादी घातली आहे. दाजींना कुशीवर निजव, डोळ्यांवर ओलं फडकं ठेव आणि वाटेत त्यांच्याशी हळू बोलत राहा. मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी आहे.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. उलट टेंपोनं दाजींनाच घेऊन ये.

हर्षला